पलीकडून दिसणारी चादर

आमचं घर ऐतिहासिक आहे हे मला समितीनं सांगितलं. तोवर आम्ही त्याला नुसतं अडचणीचं म्हणत होतो. खाली एक खोली, वर एक खोली, मध्ये अंधारा जिना आणि मागची भिंत थेट गोदावरीकडे तोंड करून उभी. वाडा म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं. वडिलांनी ते कुणाकडून तरी स्वस्तात घेतलं आणि पुढे काही वर्षांतच ते गेले. मागे राहिलो आई आणि मी. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे. आई घाटावरच्या दुकानांसाठी कापसाच्या वाती वळायची, दिवसभर मांडी घालून. त्यात तिचे गुडघे गेले असं डॉक्टर म्हणत. आई म्हणायची, वातींना कशाला बोल लावता, माझं नशीबच तसलं.

घरात संडास नव्हता. पूर्वी होता, टोपलीचा. ते सगळे टोपलीचे संडास नगरपालिकेनं बंद केले आणि ते फार चांगलं केलं. आमची घाण दुसऱ्या माणसानं डोक्यावरून वाहायची, ही आम्हा सगळ्यांनाच लाज वाटायला हवी होती अशी गोष्ट होती. पण त्याच्या बदल्यात आमच्या वाट्याला आला तो गल्लीच्या वरच्या टोकाचा सार्वजनिक संडास. तिथवर चढ होता, चढाला दगडी पायऱ्या होत्या आणि दारांच्या कड्या कुणीतरी काढून नेल्या होत्या. आई उजाडायच्या आत निघायची, म्हणजे रांग लागायच्या आधी. एका हातात टमरेल, दुसरा हात भिंतीवर. मी मागे कंदील घेऊन चालायचे आणि ती आत गेली की बाहेरून दार धरून उभी राहायचे. पावसाळ्यात एकदा ती घसरली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघाल्यावर तिनं त्यावर स्वतःपुरता इलाज शोधला. दुपारनंतर पाणी प्यायचं सोडून दिलं.

मी रागवायचे. ती म्हणायची, "अगं, तहान काय, मारली की मरते." उन्हाळ्यात तिचे ओठ फुटलेले असायचे. लघवीची जळजळ सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा तेच सुरू केलं. म्हणून मला घरात संडास हवा होता. दुसरं काही नको होतं. तिनं घोटभर पाणी न घाबरता प्यावं, एवढ्यासाठी.

सिंहस्थ जवळ आला तसं नगरपालिकेनं आमच्या घरांच्या मागून, नदीच्या बाजूनं, नवी गटार टाकली. आता संडास बांधता येणार होता. गल्लीच्या बाजूला गटार नव्हती, तेव्हा पाइप मागच्या भिंतीवरूनच खाली सोडावा लागणार होता. पूर आला की खालच्या खोलीत पाणी शिरायचं, म्हणून वरच्या खोलीच्या कोपऱ्यात जागा धरली, गवंड्याशी बोलून ठेवलं. तेवढ्यात समिती निघाली.

सिंहस्थाला लाखो माणसं येणार, त्यांना नदीकाठचं जुनं नाशिक जसंच्या तसं दिसलं पाहिजे, असं कुणाच्या तरी मनात आलं होतं. त्यासाठी शहरातली काही प्रतिष्ठित मंडळी नेमली. अध्यक्ष एक निवृत्त वकील होते, इतिहासाची आवड असलेले, बोलायला अत्यंत गोड. नदीकाठच्या घरात खिडकी पाडायची, सज्जा वाढवायचा, पाइप टाकायचा, काहीही करायचं तर आधी समितीला विचारायचं, असा निरोप शिपाई घरोघर देऊन गेला. या मंडळींपैकी एकही नदीकाठी राहत नव्हता. सगळे गंगापूर रोडकडच्या बंगल्यांतले. जुन्या नाशिकवर त्यांचं फार प्रेम होतं आणि ते प्रेम संध्याकाळी आपापल्या नळाच्या, फ्लशच्या घरी परत जात असे.

समितीची पाहणीची पद्धत मोठी नामी होती. ती कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे. रविवारी सकाळी नदीपलीकडे, पंचवटीच्या बाजूला, घाटाच्या पायऱ्यांवर खुर्च्या मांडल्या जात. ज्याला जो बदल करायचा असेल त्यानं त्या जागी, भिंतीवर, एक पांढरं कापड बांधायचं. समिती पलीकडून बघणार. यात्रेकरूच्या नजरेनं, असं अध्यक्ष म्हणत. कापड नजरेत भरलं तर बदल नामंजूर. नाही भरलं तर मंजूर. घरात कोण राहतं, त्याला काय होतंय, हे पलीकडून दिसायचा प्रश्नच नव्हता.

आमच्या शेजारी एक भांडीवाले काका राहायचे. त्यांना सज्जा वाढवून त्यावर पत्रे टाकायचे होते. पाहणीच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "वहिनी, जुनंपानं धोतर बांधा. चहाच्या पाण्यात एकदा बुडवून काढा. पांढरं म्हणजे काय, पांढरंच असलं पाहिजे असं थोडंच हाय."

आईला ते अजिबात आवडलं नाही. काका गेल्यावर ती म्हणाली, "एवढी मोठी माणसं आपल्या घराकडे बघणार, आणि मी मळकं फडकं बांधू?"

मी शाळेच्या वह्या तपासत होते. मी म्हटलं, "बांध ना काहीही." माझं अर्धं लक्ष वह्यांत होतं.

तिनं ट्रंकेतून एक नवी कोरी चादर काढली. माझ्या लग्नासाठी म्हणून घेऊन ठेवलेली. ते लग्न झालं नाही आणि चादर तशीच राहिली. ती तिनं धुतली, नीळ घातली, तांदळाची खळ केली, आणि तांब्यात निखारे घालून त्या तांब्यानं तिला इस्त्री केली. गुडघे धरून वर चढली आणि माझ्याकडून ती मागच्या खिडकीच्या गजांना बांधून घेतली, एकही सुरकुती राहू न देता. सकाळचं ऊन आमच्या भिंतीवर पडायचं. काकांचं कापड त्यांच्या भिंतीत कुठं होतं ते मला हातभर अंतरावरूनही शोधावं लागलं. आमची चादर मात्र पूर्णच्या पूर्ण, लखलखीत. आई कौतुकानं म्हणाली, "बघ कशी शोभतेय."

दुपारी शिपाई समितीचा कागद घेऊन आला. काकांना म्हणाला, दिसत नाही. आम्हाला म्हणाला, दिसतंय.

मी तशीच चपला घालून पूल ओलांडून गेले. खुर्च्या उचलणं चालू होतं. अध्यक्षांनी मला ओळखलं नव्हतं, पण चादर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "वा, फार सुंदर दिसत होती हो. कुणी बांधली?"

मी सांगितलं, आईनं. मग मी शाळेत शिकवते इथपासून सगळं सांगितलं. गुडघे, पायऱ्या, मनगट. पाइप म्हणजे चादर नव्हे, तो हाताएवढा जाड असतो, भिंतीच्याच रंगाचा करून देते, असं म्हटलं. संडास हा शब्द मी मुद्दाम मोठ्यानं, पुन्हा पुन्हा वापरला, कारण तो उच्चारला की त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडत होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्हीच जर म्हणालात की माझ्यापुरता नियम वाकवा, तर बाकीच्यांनी काय करावं? चादर दिसली हे तुम्हालाही मान्य आहे. सिंहस्थ होऊन जाऊ दे, तोवर थोडी कळ काढा."

सहनशीलतेवर मुलांना धडे मी स्वतः शिकवले होते. इतका घाणेरडा सल्ला मात्र मला आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि तोही इतक्या सभ्यपणे. मी पुलाकडे वळले. आजही मध्येच भाजी चिरताना मला उत्तरं सुचतात.

घरी आले तर आई चादरीची घडी घालत बसली होती. मी भडकून म्हटलं, "सांगत होते ना काका, मळकं बांधा म्हणून." तिनं घडी पुरी केली, चादर ट्रंकेत ठेवली. मग म्हणाली, "फसवून मिळालं असतं तर मला तिथं बसवलं नसतं." आणि पुढे, "साहेबांनी नाही म्हटलंय ना, मग नाही." तिचा असा स्वभाव आम्हाला परवडणारा नव्हता, पण तो बदलायला मी कोण.

सिंहस्थ आला. आमच्या मागच्या भिंतीखालून माणसांचा लोंढा वाहत होता आणि त्यातल्या एकानंही मान वर करून जुनं नाशिक बघितलेलं मला दिसलं नाही. लोक पाण्याकडे बघत होते, आपापली पोरं हरवू नयेत म्हणून पोरांकडे बघत होते. गल्लीच्या टोकाच्या संडासाला त्या दिवसांत अशी रांग लागायची की आई उपाशी राहू लागली. एकादशी नसताना उपास करायची आणि विचारलं की देवाचं नाव पुढे करायची.

सिंहस्थ गेला. घाटावरच्या खुर्च्या पुन्हा दिसल्या नाहीत. आसपासच्या घरांना फांद्या फुटाव्यात तसे एकेक करून पाइप फुटू लागले. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. आई त्या घरांना बेशरम म्हणायची. मी म्हटलं, आपणही बांधू. ती म्हणाली, "नाही म्हटलेलं आहे. कागदावर आहे ते. उद्या पाडून टाकतील आणि तुझी नोकरी पण जाईल." नोकरीचं नाव निघालं की मी विषय सोडून द्यायचे. असं करत आणखी काही पावसाळे गेले. तिला आता चढावर तीनदा टेकायला लागायचं.

पुढे नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हा मी रजा टाकून नव्या कचेरीत गेले. म्हटलं, समितीचा नकार रद्द करून घ्यावा. टेबलामागे एक मध्यमवयीन गृहस्थ पान खात बसले होते. समितीचं नाव काढल्यावर त्यांना आधी आठवेना. मग हसले.

"ती होय? अहो बाई, ती नुसती सल्ला देण्यापुरती होती. तिच्या सांगण्यावरून आम्ही कधी काही अडवलं नाही, काही पाडलं नाही. तिला अधिकारच नव्हता."

मी म्हटलं, "मग आम्हाला नाही का म्हणाले?"

"तुम्ही विचारायला गेलात म्हणून," ते म्हणाले. त्यात कुजकटपणा नव्हता. उलट मला बसायला स्टूल दिलं.

मी त्या स्टुलावर किती वेळ बसले होते कोण जाणे. आईच्या त्या सगळ्या पहाटा, ते फुटलेले ओठ, ते देवावर ढकललेले उपास. हे सगळं एका खुर्च्या मांडून बसलेल्या हौसेपायी, जिला आमच्याशिवाय कुणी जुमानत नव्हतं. मला त्या मंडळींचा संताप आला, पण त्याहून जास्त आमच्या सरळपणाची किळस आली.

आईला हे सांगणं मला शक्य नव्हतं. घरी येऊन मी एवढंच म्हटलं, "मंजुरी मिळाली."

महिनाभरात संडास झाला आणि आईचं अंथरूण मी वरच्या खोलीत हलवलं. तोवर तिचे गुडघे वाकेनासे झाले होते. तिला भांड्यावर बसता येईना, म्हणून सुताराकडून मध्ये भोक पाडलेली लाकडी खुर्ची करून घेतली. पहिल्या दिवशी ती आतून बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी जाऊन विचारलं, काय झालं. आतून म्हणाली, "काही नाही गं. कुणी थांबलेलं नाही ना बाहेर, म्हणून बसलेय."

बाहेर आल्यावर तिनं पेढे आणायला सांगितले. मला वाटलं देवापुढे ठेवायला. तर म्हणाली, "त्या अध्यक्षसाहेबांना देऊन ये. शेवटी त्यांना पटलं बघ. आपण खोटं केलं नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिलं."

मी टाळाटाळ केली. ती रोज विचारायची, गेलीस का. शेवटी एका रविवारी गेले. बंगल्याच्या व्हरांड्यात ते वर्तमानपत्र वाचत बसले होते, खूप थकले होते. मी डबा पुढे केला. "कसले पेढे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी संडास झाला," मी म्हटलं.

त्यांना काही आठवलं नाही. चादरीचं सांगितलं, तेही आठवलं नाही. पण घाटाजवळचं घर म्हटल्यावर ते खूष झाले, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान. जुनी घरं जपली पाहिजेत. आईंना माझा नमस्कार सांगा."

आई वाटच बघत होती. "काय म्हणाले?"

"नमस्कार सांगितलाय तुला," मी म्हटलं.

तिनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा बसल्याबसल्याच पदर डोक्यावर घेतला आणि नदीपलीकडे, जिथं त्या खुर्च्या मांडल्या जायच्या, तिकडे दोन्ही हात जोडले. मला तिचा इतका राग आला की मी तिला काही न बोलता पाण्याचा पेला भरून दिला आणि ती तो रिकामा करेपर्यंत समोर उभी राहिले.