आईचा दिनविशेष

आज सावंगीच्या रस्त्यावर शेजारून ट्रॅक्टर गेला आणि डिझेलच्या वासासरशी मी अल्लीपूरच्या शाळेच्या मैदानात जाऊन उभी राहिले. सातवीत होते. परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी माझी होती, आणि ज्या पेपरातून तो वाचायचा, तो पेपर त्या दिवशी वर्ध्याहून आलाच नव्हता. सगळी शाळा माझ्याकडे पाहत होती. माझ्या नाकात मात्र सकाळच्या वावरातलं डिझेल होतं.

मी ठणकावून सांगितलं, "आजच्या दिवशी माझ्या आईनं पहिल्यांदा एकटीनं ट्रॅक्टर चालवला आणि अख्खं वावर नांगरलं!"

पोरं खिदळली. हेडमास्तरांनी विचारलं, "हे कोणत्या सालचं होय, बाई?"

"याच सालचं, सर. सकाळचंच. मी पाहून आली."

सरांनी खिशातून खडू काढला. मग तो माझ्या हातात देत म्हणाले, "लिही फळ्यावर."

तेव्हा वाटलं होतं, वेळ मारून नेली. आज वाटतं, त्या फळ्यावर त्याहून खरा इतिहास कधी लिहिलाच गेला नसेल.

मी सावंगीच्या रस्त्यावरूनच फोन लावला. "आई, आज कोणाचा दिवस आहे?"

"माहा!" पलीकडे इंजिन धडधडत होतं. "मंग बोलजो वं, ट्रॅक्टरवर आहो मी."