प्रभंजन जेवत नाही

सुमन गेली. घरात मी राहिलो आणि कुत्रा राहिला.

कुत्रा तिचा. गंगापूर रोडला भाजी घेताना तिच्या पिशवीमागे चालत आला तो थेट स्वयंपाकघरात. नाव ठेवायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे दोन-तीन कोश चाळून 'प्रभंजन' निवडलं. प्रभंजन म्हणजे सोसाट्याचा वारा. (वारा त्या वेळी उन्हात पाय वर करून झोपला होता.) या नावाला त्याने आजतागायत कान हलवलेला नाही. कानाने अधू असेल, अशी मी समजूत करून घेतली.

सुमननंतर शेजारच्या शैलावहिनी कुंपणावरून आम्हा दोघांसाठी डबा देऊ लागल्या. "अहो भाऊजी, डबा" अशी हाक आली की प्रभंजन माझ्याआधी कुंपणाशी हजर, आणि पोटभर जेवायचा. त्याचं बरं चाललं होतं. माझंही बरं चाललंय, असं मी बंगळुरूच्या मुलीला फोनवर सांगत असे. पण ती आईवर गेलेली. तिने सरळ तिकीटच पाठवलं. वहिनींकडे मांजर, म्हणजे कुत्रा तिथे ठेवणं शक्य नव्हतं.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे बाळूभाऊ नावाच्या बागायतदाराने द्राक्षबागेच्या कडेला कुत्रे सांभाळायची सोय केली आहे. पूर्वी ज्या शेडमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरत, तिथे आता गावाला गेलेल्या लोकांचे कुत्रे राहतात. मी बाळूभाऊंना प्रभंजनचं नाव सांगितलं.

"सर, नाव लय भारी हाय," ते म्हणाले, "पण पूर्ण हाक मारस्तोवर कुत्रं बांध वलांडून जाईल."

त्यांची बायको माहेरी कळवणला गेली होती. त्यामुळे कुत्र्यांची आणि स्वतःची खिचडी ते एकाच पातेल्यात शिजवत. कुत्र्यांची आधी काढून घ्यायची, मग उरलेल्यात मीठ-मिरची घालायची. मला पद्धत आवडली. मी निश्चिंत मनाने बंगळुरूला गेलो.

तिथे पोचतो तोच त्यांचा फोन आला. कुत्रा जेवत नव्हता. नवीन जागा आहे, रुळेल, असं ठरलं. दुसऱ्या दिवशीही फोन आला आणि तिसऱ्याही. खिचडी नको, भाकरी नको, दूधही नको. मला आठवलं, संध्याकाळी मी मोठ्याने वाचत बसतो तेव्हा प्रभंजन माझ्या पायाशी शांत पडलेला असतो. माझा आवाज ऐकला तर जेवेल, म्हणून ज्वारीच्या इतिहासावरचा एक लेख मी फोनवर वाचून पाठवला. बाळूभाऊंनी तो शेडमध्ये मोठ्या आवाजात लावला. परिणाम झाला. प्रभंजन झोपला. बाकीचे कुत्रे झोपले. बाळूभाऊंचाही डोळा लागला आणि खिचडी करपली. त्या दिवशी कोणीच जेवलं नाही.

मग मुलीने कुत्र्यांच्या मनाचे एक डॉक्टर व्हिडिओ कॉलवर गाठले. ते म्हणाले, दुःख आतल्या आत साठलं की अन्नावरची वासना उडते, माणसं नकोशी होतात, दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहावंसं वाटतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे कुत्र्याबद्दल चाललंय ना?"

मी बॅग भरली. दवाखान्यातून सुमन मला एकच गोष्ट सांगून गेली होती: त्याला उपाशी ठेवू नका. (माझ्याबद्दल काही सूचना नव्हती.) आणि इथे तर तिचा कुत्रा माझ्या हातून उपाशी मरायला आला होता. वर जाऊन तिला तोंड दाखवायचं, तर ज्वारीचा इतिहास सांगून भागणार नव्हतं.

शेडपाशी पोचलो तेव्हा प्रभंजन पेरूच्या झाडाखाली पडून होता. पोट खपाटीला गेलेलं. मला पाहून त्याने शेपटी एकदा हलवली आणि हनुवटी पुन्हा मातीवर ठेवली. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. बिस्किट दिलं, भाकरी दिली, शैलावहिनींनी प्रवासाला दिलेल्यातला उरलेला लाडू दिला. शेवटी हात जोडले. बाळूभाऊ शेजारी बसून म्हणत होते की सर, मी पंचवीस कुत्री सांभाळली, असं दुखणं नाय पाह्यलं.

त्यांची बायको सकाळीच कळवणहून परतली होती. तिने चुलीपाशी ताट वाढलं आणि दारातून हाक दिली, "अहो, या जेवायला!"

बाळूभाऊ उठले. मी उठलो. (इतक्या वर्षांची सवय, पायांना विचारलं नाही.) आणि कुत्रा उठला. तो आम्हा दोघांना मागे टाकून धावला, उंबऱ्याशी नीट बसला आणि तिच्या हातातल्या ताटाकडे पाहू लागला.

बाई आमच्याकडे बघतच राहिली. "मी तर आमच्या ह्यांना बोलावलं," ती म्हणाली.

"यातला तुझा कोणता ते सांग," बाळूभाऊ म्हणाले, "म्हंजे बाकीचे खाली बसतील."

ताट अर्थात प्रभंजनला गेलं. त्याने वाटीसकट चाटून पुसून साफ केलं. मी तिथेच पेरूला टेकून उभा राहिलो, कारण तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात सुमन रोज ओट्यापाशी उभी राहून "अहो, जेवायला या" म्हणायची. मी पुस्तकातून मान वर न काढता "आलोच" म्हणायचो. येत मात्र कुत्रा असे. त्याला नाव होतं, आणि ते कोशात नव्हतं. 'अहो' म्हणजे मी, असा माझा समज होता. हाकेला येतो कोण, हे पाहिलं तर ते नाव त्यानेच कमावलेलं होतं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी माझ्या तोंडून ती हाक निघेना. मग ओट्यापाशी उभं राहून, खिडकी लावून घेऊन, हळूच म्हटली.

आता घरात एक अहो आहेत आणि एक मी आहे. अहो पहिल्या हाकेला येतात, जेवतात आणि ताट तिथेच टाकून उठून जातात. ते मी घासतो.