स्टिअरिंगची थरथर

मी दिवेआगरला पर्यटकांना गाडीतून फिरवतो. गेल्या सीझनच्या तोंडावर गाडी हळू चालवली की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. वेग घेतला की गप्प. दुसरा कोणी नुसता वैतागला असता. माझी मात्र झोप उडाली. माझ्या बापाला कंपवात होता आणि त्याची सुरुवात माझ्याच वयात, उजव्या हातापासून झाली होती. आमचं हातावर पोट. हातच गेला तर खायचं काय?

लोक गाडी धड राहावी म्हणून नारळ वाढवतात. मी बिघाड गाडीतच निघावा म्हणून वाढवला.

बाजाराला म्हणून बायकोला बरोबर घेतलं आणि बोर्लीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं गाडी सरळ रस्त्यावर दामटली नि परत येऊन म्हणाला, "काका, कायपण न्हाय. मक्खन हाय गाडी."

गाडी मक्खन, म्हणजे बिघाड माझ्या हातात! "अरे मेल्या, मक्खन कसली! हळू चालवून बघ की!"

"अहो, त्याच्यावर कशाला ओरडताय?" बायको म्हणाली.

तो पुन्हा गेला, यावेळी बैलगाडीच्या चालीनं. "हलतंय बरं का, काका!" त्याला मिठी मारावी असं वाटलं मला.

त्यानं पुढची बाजू जॅकवर उचलली, चाक हातानं फिरवलं आणि टायरला लागेल न लागेल असा स्क्रूड्रायव्हर धरला. एकाच जागी टायर त्याला घासत होता. तिथं गळू आल्यागत फुगला होता, आतल्या तारा सुटलेल्या.

"वाळूत घालता ना गाडी?"

घालतो तर काय! पाहुण्यांना लाटांजवळ फोटो हवे असतात. गाडी रुतू नये म्हणून हवा सोडायची आणि तशीच बसक्या टायरवर बोर्लीपर्यंत हवा भरायला आणायची. आम्ही सगळेच करतो हे.

नवा टायर टाकला. बाजारातल्या गर्दीतनं मुद्दाम रांगत आलो, स्टिअरिंग जराही हललं नाही. मी वेड्यासारखा हसत सुटलो. बापासारखं होण्याची भीती बायकोला तेव्हा कुठं सांगितली. "गाडीच होती गं! गाडीच!"



वाडीत गाडी लावून बंद केली, तरी बायको उतरेना. माझ्या मांडीकडे बघत होती. उजवा हात तिथं नुसता पडला होता आणि अंगठा आपला आपण हलत होता. मी मूठ आवळली, तर मनगट हलायला लागलं.

"गणपतीपासून बघतेय मी," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ. आणि मला गाडी शिकवा," ती म्हणाली. "तुम्हाला चालवता येतेय तोवर."