टोपीवरचा अर्धा पंख

आज ९ मार्च. यांना जाऊन वर्ष झालं, आणि मी अजून कोणापुढे रडले नाही.
सकाळी बुद्धवंदना झाली. पाहुणे आले, दुपारच्या बसने परत गेले.

मी इथे फेसबुकवर कधी लिहीत नाही. पण आज जो तो भिंतीवरच्या बिल्ल्यांच्या फळीपाशी थांबून विचारत होता, म्हणून लिहिते.

हे आलापल्लीला वनविभागात क्लार्क होते. मी तिथल्याच दवाखान्यात नर्स.
यांना नाद दुसऱ्या महायुद्धातल्या एअरफोर्सच्या बिल्ल्यांचा. सागवानाच्या गावात विमानाचे बिल्ले! लोक हसायचे.
"बाबू, डेपोत विमान उतरवता का?"
"तुमचे लाकडं हटवा पयले," हे म्हणायचे.

यांचे वडील टेलर. लढाईच्या काळात नागपूरच्या विमानतळावर युनिफॉर्मला बिल्ले शिवायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या छातीवर शिवले, घरात एकही नव्हता.
नाद तिथूनच लागला असावा. हे बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

कोणी बिल्ला आणला की हे आधी उलटा करायचे.
"तोंड सगळ्याइचंच चांगलं असते. पाठ दाखव."

ठसा मारलेला खरा पितळी बिल्ला मागून पोकळ असतो. पुढची नक्षी मागे खड्ड्यासारखी उमटते. ओतलेली नक्कल मागून सपाट आणि खरबरीत.
कापडी असला तर सुटा दोरा काडीने जाळून बघायचे. वितळून गोळी झाली की नायलॉन. म्हणजे लढाईनंतरचा.

फळीवर एकच जागा रिकामी होती. एअर गनरची. पायलटला दोन पंख, विमानातून बंदूक चालवणाऱ्याला अर्धा, म्हणजे एकच, शेजारी ए आणि जी ही अक्षरं.
वडिलांना तो शिवताना यांनी लहानपणी पाहिलं होतं. मोठेपणी शोधला, तर नकलाच हाती आल्या.

शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. सूरजागडकडच्या एका माडिया आदिवासी गावात मी लसीकरणाला गेले होते. एका बाळाच्या टोपीवर तो अर्धा पंख शिवलेला दिसला.
त्याच्या आईचं अडलेलं बाळंतपण मीच सोडवलं होतं.

घरी येऊन सांगितलं. यांचा विश्वास बसेना. पुढच्या खेपेला रजा टाकून माझ्यासोबत आले.

बाळाचा आजा बाजारापुरतं मराठी बोलायचा.
"लढाई सरली तवा चांद्याच्या बाजारातून जुना कोट आणला. कोट फाटला, हे रायलं. माह्या पोराच्या टोपीले होतं. आता नातवाच्या. हे असलं का लेकरू जगते."

आमच्या घरात ताईत, गंडे काही चालत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, लेकरू सुईनं वाचते."
"सुई बी दे ना बाई. हे बी राहू दे."
हे मोठ्याने हसले.

मग म्हणाले, "पाठ पायची होती."
पाठ पाहायची म्हणजे टाके उसवायचे. आज्याने सांगितल्यावर बाळाच्या आईने टोपी काढून दिली, पण टोपीची एक कड धरूनच बसली.

यांनी ब्लेडने एकेक टाका सोडवला. उलटा करून उजेडात धरला. मागे मलमलीचा तुकडा, वर रेशमी दोरा. कडेला सुयांची भोकंच भोकं. लाल, काळ्या, पांढऱ्या दोऱ्यांचे तुकडे अडकलेले. प्रत्येक टोपीचा दोरा वेगळा.

एकेका भोकावरून यांनी बोट फिरवलं.
मी हळूच विचारलं, "काऊन हो? खोटा हाय?"
"एकदम खरा."

आज्याने ऐकलं. म्हणाला, "मंग घेऊन जा. बाईनं आमचं लेकरू वाचवलं."
आईने मान खाली घातली. टोपीची कड सोडली नाही.

यांनी माझ्याकडे हात केला. "बाई, सुई-दोरा दे."
पिशवीतली सुई काढून दोरा ओवून दिला. यांनी तिथेच मांडी घालून पंख परत टोपीवर शिवला. वडिलांसारखे बारीक, दुहेरी टाके. शेवटची गाठ मारून दोरा दाताने तोडला आणि टोपी स्वतः बाळाच्या डोक्यावर घातली.

मग मी बाळाला लस दिली. ते रडलं, आणि त्याची आई हसली.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "ते देऊन राह्यले होते ना."
"तो ड्युटीवर हाय. ड्युटीवरच्या माणसाचा बिल्ला काढत नाई."

घरी आल्यावर रिकाम्या जागेखाली यांनी कागदाची पट्टी चिकटवली. 'ड्युटीवर.'

पुढे माझी बदली आरमोरीला झाली. ते बाळ पुन्हा दिसलं नाही. नंतर नागपुरात एकाने यांना खरा अर्धा पंख दाखवायला आणला होता. पाठ पाहिली, छान आहे म्हणाले, परत दिला.

आज भाचा म्हणाला, "मामी, ऑनलाइन भेटते, मागवू का? फळी पूर्ण होईल."
मी म्हटलं, पूर्णच आहे.

अहो, तुमच्याशी जास्त बोलायची मला कधी सवय नव्हती. घरात तुम्ही नाही, याचीही सवय होत नाही.
माझा तुम्हाला जयभीम.

सगळ्यांना वाढता वाढता माझं जेवण राहिलं. आता ताट करून घेते.