शंभर मीटरची दुरुस्त वेळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मला वडिलांच्याही आधी काका आठवतात. ते माझे सख्खे काका नव्हेत. वडिलांचे शाळेतले मित्र आणि भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला. वडील आमच्या गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. बारावीला मला बरे गुण मिळाले तेव्हा काकांनी निरोप धाडला, "पोराला इकडे पाठवून दे, बाकीचं मी पाहतो." टाउनशिपमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मला त्यांच्या मुलाची खाट मिळाली, कारण मुलगा पुण्याला शिकायला गेला होता. त्याला मी दादा म्हणायचो. त्या खाटेवर बसून मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यात तोवर कोणी झालं नव्हतं.

कारखान्यात तयार झालेला भाग मोजायचा आणि बरोबर असेल तरच त्यावर सही करायची, हे काकांचं काम. घरी आल्यावरही ते थांबत नसे. दूध आलं की पातेलं तिरपं करून पाहायचे. नवा सिलिंडर हलवून कान लावायचे. करोंदच्या मंडीत गहू घ्यायला गेलो की तराजूच्या खाली हात घालून पाहायचे. एकदा दुकानदार वैतागला.

"बाबूजी, काँटा सही है. आपकी नज़र टेढ़ी है."

"तो नज़र का वजन मत जोड़ना," काका म्हणाले आणि वाकून पुन्हा पाहिलं.

काकू यावर हसायच्या. "मला पाहायला आले तेव्हा म्हणाले, जरा खिडकीपाशी उभ्या राहता का? मी लाजले. नंतर कळलं, पावडर किती थापली ते पाहत होते."

माझ्या प्रत्येक मार्कशीटची बेरीज काका स्वतः करून पाहत. जुळली की फक्त "बरोबर" म्हणत. शाबासकी नाही, पाठीवर हात नाही. पण त्यांच्या तोंडून तो एक शब्द निघावा म्हणून मी अभ्यास करत होतो, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

दादाने जाताना एक जुना टीव्ही गेम मागे ठेवला होता. काळा डबा, दोन रिमोट आणि मैदानी खेळांची एक कॅसेट. त्यातली शंभर मीटरची शर्यत सगळ्यांच्या आवडीची. दोन बटणं आलटून पालटून दाबायची. जितकी भराभर दाबाल तितका पडद्यावरचा माणूस जोरात पळणार. दादाची सगळ्यात चांगली वेळ डब्यावर मार्करने लिहिलेली होती. कॉलनीतली मुलं ती तोंडपाठ सांगत. "भैया का टाइम" म्हणजे पुढे बोलायचं नाही.

पदवीनंतर मी भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात तात्पुरत्या कामावर लागलो. सुट्टीच्या दिवशी वेळ जाईना, म्हणून तो गेम काढला. बोटांच्या नखांनी बटणं खरवडल्यासारखी दाबायची एक पद्धत मला जमली आणि एका दुपारी दादाची वेळ मोडली. थोड्या दिवसांनी सायबर कॅफेत एक संकेतस्थळ सापडलं. असल्या जुन्या खेळांचे जागतिक विक्रम त्यावर नोंदवले जात. आमच्या शर्यतीच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर कोणी परदेशी माणूस होता आणि माझी वेळ त्याच्यापेक्षा कमी होती. मी तीनदा पाहिलं. मग घरी धावत आलो.

काकांनी ऐकून घेतलं. चष्मा लावला.

"बटण कोणतं दाबतोस?"

"दोन्ही, काका. आलटून पालटून."

"या रिमोटला टर्बोचं बटण आहे. ते धरून ठेवलं की आपोआप दाबलं जातं. मला काय समजत नाही असं वाटलं का?"

मी शपथ घेणार होतो, पण शपथेवर त्यांचा विश्वास नसे. त्यांनी पेचकस आणला, रिमोट उघडला, टर्बोच्या बटणांखालचे रबर काढून खिशात टाकले आणि म्हणाले, "आता पळ." मी पळालो. वेळ जवळजवळ तीच आली. काका उठले. टीव्हीच्या मागे जाऊन वायर पाहून आले.

विक्रमाच्या अर्जासाठी साक्षीदार लागत होता. मला त्यावर काकांची सही हवी होती. सगळ्या कॉलनीने माझं नाव घेतलं असतं तरी त्या सहीची सर आली नसती. काका तयार झाले, पण एका अटीवर. तपासणी विभागात दुसरी सही नेहमी परक्या विभागातल्या माणसाची असते, तशी इथेही हवी. त्यांनी बोलावलं ते कारखान्याच्या स्टोअर्स विभागातल्या शेजाऱ्यांना. पाण्याच्या टाकीवरून दोघांचं कित्येक महिने बोलणं बंद होतं.

शेजारी दारातच थांबले. "हम तो आपके दुश्मन हैं. हमको क्यों बुलाया?"

"इसीलिए."

"लड़का हार जाए तो हम बहुत खुश होंगे, बता देते हैं."

"खुश हो लेना. पहले बैठिए."

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या बाजारातल्या एकाचा कॅमेरा आणला होता. मी पळालो आणि माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ पडद्यावर आली. शेजाऱ्यांनी नाइलाजाने "वाह" म्हटलं. काकूंनी टाळी वाजवली. काका मात्र हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहत होते. कारखान्यातलं, प्रमाणित केलेलं.

"पुन्हा पळ," ते म्हणाले.

पुन्हा पळालो. त्यांनी स्टॉपवॉच माझ्यासमोर धरलं. पडद्यावर दहा सेकंद होईपर्यंत हातातलं घड्याळ बारावर पोचत होतं. गेमचं घड्याळच हळू चालत होतं.

"उपकरणात चूक आहे," काका म्हणाले. "चूक असली की ती धरून दुरुस्त वेळ लिहायची. दाखवलेलं माप ते खरं माप नव्हे."

दुरुस्त वेळ म्हणजे विक्रम तर गेलाच, मी दादाच्याही मागे पडलो. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी बोललो.

"मग डब्यावर जी वेळ आहे तीही याच मशीनची ना, काका? तिलाही हाच हिशोब लावा."

शेजारी उठून चप्पल शोधू लागले. काका स्टॉपवॉच खिशात ठेवत म्हणाले, "ती कोणी तपासलीच नव्हती. जे तपासलं नाही ते माप नाही. त्याला दुरुस्ती कशाची?"

उत्तर कारखान्याच्या नियमात बसणारं होतं. तरी मला ते पटलं नाही. माप नव्हतं, तर डब्यावरून पुसलं का नाही? पुढचे दिवस मी काकांकडे तसंच पाहू लागलो जसं ते तराजूकडे पाहत. दादाचा फोन आला की आवाज कसा बदलतो, हे पाहू लागलो. डब्यावर मार्करने लिहिलेली वेळ मात्र तशीच होती. काकूंच्या लक्षात आलं असावं. एकदा भाजी चिरताना त्या म्हणाल्या, "काहून रे, आजकाल तूही यांच्यासारखा बघतोस?" मी विषय बदलला.

अर्ज काकांनीच भरला, सुवाच्य अक्षरात. वेळेच्या रकान्यात दुरुस्त वेळ. दोन्ही सह्या. मी तो स्कॅन करून चित्रफितीबरोबर पाठवला, कारण त्यांनी भरलेला अर्ज बदलणं माझ्याने होणं शक्य नव्हतं.

तिकडून आलेलं उत्तर शंकेनेच भरलेलं होतं. चित्रफितीत एक वेळ आणि अर्जात दुसरी, ही काय भानगड आहे? लोक आपली वेळ कमी करून सांगतात. वाढवून सांगणारा नक्की काहीतरी लपवत असणार. चित्रफीत जोडून तयार केली आहे का? मी शब्दकोश घेऊन बसलो आणि सगळं समजावून लिहिलं. त्यावर त्यांचा सूर मऊ झाला. त्यांनी कळवलं की आपल्याकडच्या टीव्हीसाठी बनवलेली मशीन सेकंदाला कमी चित्रं दाखवतात, म्हणून त्यांच्यावर खेळ आणि घड्याळ दोन्ही हळू चालतात. अशा मशीनचा तक्ता वेगळा असतो. त्यात पडद्यावरची वेळ आहे तशी धरतात.

तोवर मला नागपूरला कायमची नोकरी लागली होती आणि काकांचा नियम होता, की फोनवर माणूस काहीही बोलतो, महत्त्वाचं असेल तर लिहून पाठवावं. म्हणून मी त्यांना हे पत्र लिहिलं.

*

ती. काकांना सा. न. वि. वि.

इथे सगळं ठीक आहे. खोली कोरडी आहे, मेसचं जेवण बरं आहे. पहिल्या पगारातून बाबांना पैसे पाठवले.

शर्यतीबद्दल. घड्याळ हळू चालतं हे तुमचं म्हणणं बरोबर निघालं. पण अशा हळू मशीनसाठी त्यांनी वेगळा तक्ता ठेवला आहे आणि तिथे सगळ्यांची वेळ पडद्यावरचीच घेतात. सगळ्यांची चूक सारखी, म्हणून दुरुस्ती नाही. त्या तक्त्यात मी पहिला आहे. सध्या नोंद तात्पुरती आहे. अर्जात वेगळी वेळ असल्यामुळे दोन्ही साक्षीदारांनी पडद्यावरच्या वेळेवर पुन्हा सही करून पाठवावी, असं ते म्हणतात. स्टोअर्सवाल्या काकांनी करून दिली. तुमची राहिली आहे. कोरा अर्ज सोबत जोडला आहे.

मला शंका आहे की तुम्ही करणार नाही. चुकीचं आहे हे माहीत असलेल्या आकड्यावर तुम्ही कधी सही केलेली मी पाहिली नाही. तसं असेल तर तसं लिहा, मी मानेन. पण कारण दुसरं असेल, म्हणजे दादाचं, तर तेही लिहा. तुम्ही मला घरात घेतलंत, शिकवलंत, आणि मी तुमच्यावरच संशय घेतो, हे मला नीट झोपू देत नाही. पण न विचारता मनात ठेवणं मला त्याहून वाईट वाटलं.

उत्तर आलं नाही, तर मी त्यांना ती नोंद काढून टाकायला सांगेन. तुमच्या सहीशिवाय ती मला नको.

काकूंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक