मागच्या बाजूची सही

रोहन, मीरा, आजोबा गेल्याचा फोन तुम्हाला केला तेव्हा बोलणं दोन मिनिटांचंच झालं. त्याला आता महिना झाला. परवा रोहनने पत्रात विचारलं, आजोबा विमा कंपनीत नेमकं काय करायचे? रोहन, तू स्वतः एका मोठ्या कंपनीत पुरवठादार सांभाळतोस, म्हणून उत्तर नीट लिहून ठेवते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. शाखेला लागणारे छापील अर्ज, पाकिटं, टेबलं कुणाकडून घ्यायची हे आजोबा ठरवत. मुंबईची मुख्य कचेरी यादी मंजूर करी, पण यादीत नाव घालण्याआधी हे स्वतः त्या दुकानात तासभर बसून येत. दिवाळीला कुणी मिठाईचा पुडा पाठवला तर तो परत जाई, आणि त्याच माणसाला आमच्याकडे फराळाचं बोलावणं जाई. "त्यांचं घ्यायचं नाही, त्यांना द्यायला कुणी अडवलंय?" असं म्हणत.

छपाई मंगळवार पेठेतल्या बसाप्पांकडे होती. एके वर्षी अर्जामागच्या अटी बदलल्या. छापखान्यात जुन्या अटींचे शिशाचे अक्षर-खिळे जुळवून बांधून ठेवलेले होते, मागच्या बाजूला तेच चढले. कच्ची प्रत यांच्याकडे आली. यांनी पुढची बाजू शब्द न् शब्द वाचली, सही केली... आणि कागद उलटलाच नाही. अर्ज आजरा, राधानगरीपर्यंत एजंटांकडे पोहोचल्यावर चूक कळली. मुंबईहून पत्र आलं: खुलासा पाठवा, आणि छापखान्याचं नाव यादीतून काढा.

बसाप्पा संध्याकाळी घरी आले आणि सहीची ती प्रत यांच्यापुढे ठेवली. "ही जाळून टाका, सायेब. दोष माझ्यावर घाला की. मला लग्नपत्रिका हाईत, तुमाला नोकरी एकच हाय."

"लग्नपत्रिका तरी उलटून बघता का?" यांनी विचारलं.

"आता बघनार की."

यांची इंग्रजी पत्रं मीच तपासत असे. बढतीचं त्याच महिन्यात ठरायचं होतं, म्हणून चूक दोघांचीही आहे असं एक वाक्य मी खुलाशात घातलं. यांनी ते खोडलं. "त्यांनी मला दाखवलं होतं. मी पाहिलं नाही." एवढं बोलून ती प्रत पत्राला टाचली. मी दोन दिवस धड बोलले नाही. आज वाटतं, मी तपासलेल्या पत्रांत माझ्या दुरुस्तीवाचून बरं झालेलं तेवढं एकच.

बढती दुसऱ्याला मिळाली. छापखान्याचं नाव यादीत राहिलं. दोघांनी एसटीने हिंडून जुने अर्ज गोळा केले. चूक कुणाची, असं आजऱ्याच्या एजंटाने विचारलं तेव्हा दोघंही एकदम "माझी" म्हणाले आणि तो बिचारा गोंधळला, हे बसाप्पा पुढे कितीतरी वर्षं हसून सांगत.

बसाप्पा आजोबांच्या आधीच गेले. छापखाना त्यांची सून चालवते. यांच्या सुतकाच्या दिवसांत ती भेटायला आली होती, तेव्हा तिनेच सांगितलं. तिथे अजून छपाईआधी गिऱ्हाइकाच्या दोन सह्या घेतात, एक पुढे आणि एक मागे.