एकटीच

घाटाच्या तिसऱ्या वळणावर मी पाणी प्यायला थांबले. करवंदं विकणाऱ्या मावशींनी माझ्या सायकलच्या मागे वाकून पाहिलं. "एकटीच?"

हा 'च' मला इंग्रजी शाळेत कुणी शिकवला नाही. तिथे एकटं असणं साध्या शब्दात संपतं. इथे 'च' लागला की त्यात काळजी येते, संशय येतो, घरच्यांची चौकशीही येते. दर वेळी मी ओशाळते आणि खोटंच सांगते, मैत्रिणी मागून येतायत.

समोर रस्त्यासाठी तासलेला काळा कातळ होता. हा कधीकाळी लाव्हा होऊन वाहत आला, उभाआडवा पसरला. त्याला कुणी विचारलं नसणार, सोबत कोण आहे म्हणून.

"वर लई चढ हाय, पोरी. टेम्पो येईल आता, त्यात टाक सायकल."

"नको. चालवतच जाणार."

"आन् मागं कोन हाय?"

मैत्रिणी ओठांवर आल्या होत्या. मी त्यांना गिळून टाकलं.

"कुणी नाही. एकटीच आहे."

मावशींनी मूठभर करवंदं माझ्या हातावर ठेवली.

"मग जा की! थांबलीस कशाला?"